पुरातन शस्त्रांचे ऑनलाइन लिलाव : बोलीचे डावपेच आणि संकेत

पुरातन शस्त्रांचे ऑनलाइन लिलाव म्हणजे जुन्या तलवारी, कट्यारी, दांडपट्टे, ढाली, भाले, चिलखते, तोडेदार व चकमकी बंदुका इत्यादी वस्तूंची इंटरनेटवरून बोली लावून होणारी खरेदी-विक्री. लिलावाला मराठीत ‘हर्रास’ असा जुना शब्द असून ‘बोली’ आणि ‘हातोडा पडणे’ हे शब्दप्रयोग संगणकाच्या पडद्यावरील लिलावालाही सर्रास लावले जातात. या लिलावांना देशोदेशींच्या कायद्यांची चौकट आहे. त्याखेरीज संग्राहकांनी आपापसांत पाळलेले काही अलिखित संकेत आहेत आणि बोली कधी, किती व कशी लावावी याचे डावपेचही आहेत. या तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. जुन्या शस्त्राची किंमत त्याच्याविषयीच्या माहितीवर ठरते, आणि ज्याला माहिती आहे त्याने नुसती बोली लावली तरी ती माहिती इतरांच्या हाती पडू लागते.

शस्त्रे बाजारात कशी आली

भारतीय शस्त्रे परदेशांतील खासगी संग्रहांत पोहोचण्याची कारणे बहुतांशी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहेत. युद्धातील लूट, सेनाधिकाऱ्यांना मिळालेल्या भेटी आणि संस्थाने खालसा झाल्यावर मोडली गेलेली शस्त्रागारे हे त्यांचे तीन प्रमुख मार्ग होते. तंजावरचे मराठा राजे दुसरे शिवाजी १८५५ मध्ये निवर्तल्यानंतर तेथील शस्त्रागार मोडण्यात आले. त्यातील बराच भाग धातूच्या मोलाने भंगारात गेला, तर उरलेल्यांपैकी अनेक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयात आली. १८५७ च्या उठावानंतरची निःशस्त्रीकरणाची मोहीम आणि पुढे १८७८ चा शस्त्र कायदा यांमुळे सामान्य घरांतील हत्यारेही मोठ्या संख्येने सरकारजमा झाली. विल्ब्रहॅम एगर्टन याने १८८० मध्ये भारतीय शस्त्रांची सचित्र सूची प्रसिद्ध केली. तिच्यातील वर्गीकरणाचे संदर्भ लिलावगृहांच्या वर्णनांत आजही आढळतात.

महाराष्ट्रात जुनी तलवार अनेक घरांच्या देव्हाऱ्यात किंवा माळ्यावर असते आणि खंडेनवमीला तिची पूजा होते. अशी तलवार सहसा विकली जात नाही. विकली गेली तर ती ओळखीच्या व्यापाऱ्याकडे जाते, पुण्याच्या जुन्या बाजारात येते किंवा सरळ भंगारवाल्याच्या तराजूवर चढते. विकणाऱ्याला तिची किंमत ठाऊक नसणे ही या बाजारातील नेहमीची स्थिती आहे, आणि शिष्टाचाराचे अनेक प्रश्न तेथूनच सुरू होतात.

इंटरनेटमुळे या व्यवहाराचे स्वरूप पालटले. १९९५ मध्ये अमेरिकेत ईबे सुरू झाले. भारतात २००० मध्ये मुंबईत बाझी डॉट कॉम हे लिलावाचे संकेतस्थळ निघाले व २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतले. लंडनमधील जुन्या लिलावगृहांनीही हळूहळू आपले दालन इंटरनेटवरील बोलीला खुले केले. पूर्वी जे दालन पंधरा-वीस जाणकारांपुरते असे, त्याच्या दारात आता कुणीही उभा राहू शकतो.

लिलावाची यंत्रणा

ऑनलाइन लिलावाचे ठळक प्रकार दोन आहेत. पहिल्यात लिलावगृहाच्या दालनात प्रत्यक्ष लिलाव चालतो आणि दूरचे ग्राहक त्यात इंटरनेटवरून भाग घेतात. दुसऱ्यात वस्तू ठरावीक दिवस पडद्यावर राहते आणि ठरलेल्या वेळी बोली बंद होते. या दुसऱ्या प्रकारात बहुधा ‘प्रॉक्सी बोली’ची सोय असते. ग्राहक आपली कमाल रक्कम संगणकाला गुप्तपणे सांगून ठेवतो व संगणक त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत जातो. समजा, एका ग्राहकाने ६०,००० आणि दुसऱ्याने ७५,००० रुपयांची मर्यादा दिली असून वाढीचा टप्पा १,००० रुपयांचा आहे. अशा वेळी वस्तू दुसऱ्या ग्राहकाला ६१,००० रुपयांना मिळते. म्हणजेच त्याला आपल्या मर्यादेइतके नव्हे, तर हरलेल्याच्या मर्यादेहून किंचित अधिक पैसे द्यावे लागतात.

अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी याने १९६१ मध्ये या तत्त्वाचे विश्लेषण केले. जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी रक्कम द्यायची असेल, तर प्रत्येकाने वस्तूची आपल्याला वाटणारी खरी किंमत एकदाच सांगून मोकळे होणे हेच सर्वांत हिताचे ठरते, असे त्याने दाखवले. विकरीला १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टपाल तिकिटांच्या संग्राहकांमध्ये मात्र पत्राने बोली पाठवण्याची अशीच पद्धत त्यापूर्वी कित्येक दशके रूढ होती. व्यवहार पुढे आणि सिद्धान्त मागून, असे येथे घडलेले दिसते.

याशिवाय तीन आकडे समजून घ्यावे लागतात. ‘अंदाज’ हा लिलावगृहाने छापलेला किमतीचा पल्ला असतो. ‘राखीव किंमत’ म्हणजे ज्याखाली विक्रेता वस्तू देणार नाही ती, बहुधा गुप्त असणारी रक्कम. ‘हातोड्याची किंमत’ म्हणजे शेवटची स्वीकारलेली बोली. अंदाजावर फार विसंबता येत नाही, हे टिपू सुलतानाच्या शयनगृहातील तलवारीने दाखवून दिले. बॉनहॅम्स या लिलावगृहाने तिचा अंदाज १५ ते २० लाख पौंड असा दिला होता. २३ मे २०२३ रोजी लंडनमध्ये ती अधिभारासह सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात टिपूचीच म्हणून मांडलेली दुसरी एक तलवार विकलीच गेली नाही. एकाच राजाचे नाव, एकच शहर आणि एकच वर्ष असूनही निकाल असे परस्परविरुद्ध लागले.

शेवटच्या क्षणाची बोली

वेळ संपायला काही सेकंद उरले असताना एकदम मोठी बोली लावणे याला ‘स्नायपिंग’ म्हणतात. विकरीच्या तर्कानुसार अशा घाईची गरज नाही, कारण खरी मर्यादा आधीच देऊन ठेवता येते. तरीही शस्त्रसंग्राहकांमध्ये ही रीत अतिशय प्रचलित आहे, आणि तिला कारणही तसेच आहे.

ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ईबे व ॲमेझॉन या दोन ठिकाणच्या लिलावांची तुलना केली. ईबेवर लिलाव ठरल्या वेळी संपत असे. ॲमेझॉनवर मात्र शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढत असे. शेवटच्या क्षणाच्या बोली ईबेवर कितीतरी अधिक होत्या. शिवाय ईबेवर संगणकांच्या लिलावांपेक्षा पुरातन वस्तूंच्या लिलावांत त्यांचे प्रमाण जास्त होते. संगणकाचे मोल सर्वांनाच कळते, पण जुन्या वस्तूचे मोल मोजक्यांनाच कळते, हे त्यामागचे कारण आहे. जाणकाराने तिसऱ्याच दिवशी बोली लावली, तर नवख्याला आयतीच खूण मिळते आणि जाणकाराच्या अभ्यासाचा लाभ तो फुकट घेतो.

शस्त्रांच्या बाबतीत हे विशेष ठळकपणे दिसते. ‘जुनी भारतीय तलवार, गंजलेली’ एवढ्याच वर्णनाखाली दिलेल्या छायाचित्रात एखाद्याला युरोपीय पात्यावरचा कारागिराचा शिक्का दिसतो आणि ती मराठा धाटणीची ‘फिरंग’ असल्याचे त्याच्या लक्षात येते. बाकीच्यांना ते दिसलेले नसते. अशा वेळी शांत राहणे हाच त्याचा डाव असतो. विक्रेत्याला प्रश्न विचारतानाही तो सावध असतो. सर्वांना दिसतील अशा उत्तरांच्या ठिकाणी ‘मुठीजवळचे अक्षर स्पष्ट दाखवाल का?’ असे विचारणे म्हणजे दवंडी पिटण्यासारखेच आहे.

स्नायपिंगला काहीजण असभ्य मानतात. नियमांत बसणारी ही कृती आहे, आणि जेथे मुदत आपोआप वाढते तेथे तिचा उपयोगही संपतो. अनेक लिलावगृहांनी आता मुदतवाढीची पद्धत स्वीकारली आहे, त्यामुळे विक्रेत्याचा फायदा होतो. शेवटच्या क्षणावर विसंबणाऱ्याला इंटरनेटची जोडणी तुटण्याचा धोकाही असतोच. ५०,००० ऐवजी ५०,२५० अशी विषम रक्कम देण्याची सवय याच सावधगिरीतून आली आहे. पूर्ण रकमा देणारे बरेच असतात, आणि दोन बोली सारख्या असल्या की सहसा आधी आलेली ग्राह्य धरली जाते.

वस्तूची पारख

शस्त्र हातात न घेता बोली लावणे हा ऑनलाइन लिलावातील सर्वांत मोठा धोका आहे. तलवारीचे वजन, तोल, मुठीची पकड आणि पात्याच्या पोलादाचा पोत या गोष्टी छायाचित्रात पुरेशा उमटत नाहीत. मूठ आणि पाते वेगवेगळ्या काळांतील असणे ही भारतीय तलवारींत सामान्य गोष्ट आहे. चांगले पाते पिढ्यानपिढ्या नव्या मुठींत बसवले जाई. असा जोड शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा असेल तर तो त्या शस्त्राच्या इतिहासाचा भाग ठरतो. गेल्या वर्षीचा असेल तर ती लबाडी होय.

बनावटीचे काही प्रकार ठळक आहेत. जौहरदार पोलादाची नक्षी आम्लाने कोरून काढतात. इराणी पोलादकार असदुल्लाह इस्फहानी याचे नाव असंख्य पात्यांवर आढळते व त्यांतील बहुतेक त्याच्या हातची नाहीत. युरोपातही आंद्रेआ फेरारा हे नाव आणि झोलिंगेनचा धावत्या लांडग्याचा शिक्का यांची शतकानुशतके नक्कल झाली. म्हणजे ‘नक्कल’ सुद्धा तीनशे वर्षांची असू शकते आणि तिला स्वतंत्र मोल असू शकते. राजस्थानात, विशेषतः उदयपूरला, कोफ्तगिरीची कला आजही जिवंत आहे. त्या नव्या कामात गैर काही नाही. ते जुने म्हणून विकले जाते तेव्हाच प्रश्न निर्माण होतो.

याउलट काही खुणा किंमत एकदम वाढवतात. बिकानेरच्या शस्त्रागारातील अनेक शस्त्रांवर टिंबांनी ठोकलेला देवनागरी मजकूर असतो. महाराजा अनूपसिंहाच्या काळात दख्खनमधून, विशेषतः आदोनीच्या मोहिमेतून, जी शस्त्रे तेथे गेली त्यांची ओळख या नोंदींवरून पटते. मालकीची अशी अखंड साखळी, म्हणजे वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याचा पुरावा, नुसत्या सौंदर्यापेक्षा अधिक भाव आणते.

हस्तिदंती मुठींबाबत वेगळीच काळजी घ्यावी लागते. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे. ईबेने २००९ पासून आपल्या ठिकाणी हस्तिदंताची विक्री थांबवली, आणि ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून लागू झाला. अशी कट्यार कितीही देखणी असली तरी सीमाशुल्क कार्यालयात अडकण्याचा संभव असतो.

किमतीची मर्यादा

बोलीची मर्यादा ठरवताना हातोड्याच्या किमतीवरचा खरेदीदाराचा अधिभार आधी वजा करावा लागतो. मोठ्या परदेशी गृहांत तो हातोड्याच्या किमतीच्या साधारण पाव हिस्सा असतो. उदाहरणादाखल, एखाद्याला सर्व खर्चासह १,००,००० रुपयेच घालायचे आहेत, अधिभार २० टक्के, त्या अधिभारावरचा वस्तू व सेवा कर १८ टक्के आणि वाहतूक ५,००० रुपये आहे असे मानू. मग त्याची प्रत्यक्ष बोली सुमारे ७६,८०० रुपयांच्या पुढे जाता कामा नये. वस्तूवरील कर असेल तर तो निराळा. हे गणित कागदावर न मांडता पडद्यासमोर बसणारे नवखे ग्राहक हमखास फसतात.

दुसरा सापळा ‘विजेत्याचा शाप’ या नावाने ओळखला जातो. वीसजणांनी एकाच वस्तूचा आपापला अंदाज बांधला, तर जिंकतो तो बहुधा सर्वांत जास्त चुकलेला असतो. तेलक्षेत्रांच्या लिलावांवरील १९७१ च्या एका लेखात ही कल्पना मांडली गेली. नेमकी पारख अशक्य असलेल्या जुन्या शस्त्रांना ती तंतोतंत लागू पडते.

संग्राहकांमधील संकेत

शस्त्रसंग्राहकांचे जग लहान आहे. आज ज्याच्याविरुद्ध बोली लावली, त्याच्याचकडे उद्या एखाद्या अक्षराचे वाचन करून घ्यायला जावे लागते. संकेत टिकून राहतात ते यामुळेच.

चालू लिलावातील वस्तूची उघड चर्चा करायची नाही, हा त्यांतील सर्वांत पाळला जाणारा संकेत आहे. लिलाव संपेपर्यंत कोणी त्या वस्तूविषयी जाहीर मत देत नाही. कौतुक केले तर भाव चढतो आणि शंका घेतली तर विक्रेत्याचे नुकसान होते. शिवाय शंका घेणारा स्वतःच स्वस्तात घेऊ पाहत असेल, असा संशय येतो. या संकेताची काळी बाजूही आहे. वस्तू बनावट असल्याचे चार जाणकारांना दिसत असते, चौघेही संकेत पाळून गप्प राहतात आणि पाचवा, नवखा माणूस वर्षाची बचत त्यात घालतो. यावर मध्यम मार्ग म्हणून जाणकार जाहीर न बोलता लिलावगृहाला खासगीत कळवतात. जबाबदार गृहे अशा वेळी वर्णनात दुरुस्ती करतात किंवा वस्तू मागे घेतात. नवख्याने आधी विचारले असेल, तर त्याला खरे सांगणे हे बहुतेकांच्या मते कर्तव्य आहे. विचारणाऱ्याला अंधारात ठेवून मग स्वतः बोली लावणे मात्र कुणीही क्षम्य मानत नाही.

‘तू यावर बोली लावणार आहेस का?’ हा मित्रांमधील प्रश्न याहून नाजूक आहे. गावच्या उत्सवात देवापुढच्या नारळाचा लिलाव होतो, तेव्हा नवस फेडायला आलेल्यासाठी बाकीचे मागे सरतात आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. तेथे विक्रेता देव असतो आणि हरण्याजोगे कुणाचे काही नसते. शस्त्राच्या लिलावात मात्र दोन मित्रांनी एकमेकांसाठी माघार घेतली की झळ बसते ती विक्रेत्याला, आणि तो कदाचित माळ्यावरची तलवार नाइलाजाने विकणारा वारस असतो. एखाद्याने आपल्या अभ्यासाच्या विषयातील वस्तूसाठी मित्राला सहज वाट करून देणे आणि पाच व्यापाऱ्यांनी ठरवून एकालाच बोली लावू देणे यांत फरक आहे. पण ही रेषा बारीक आहे आणि पैशाची किंवा परतफेडीची बोलणी आली की ती ओलांडली जाते. काही संग्राहक म्हणूनच हा प्रश्न विचारतही नाहीत आणि त्याचे उत्तरही देत नाहीत.

इतर संकेत साधे आहेत. पैसे देण्याची तयारी नसेल तर बोली लावू नये, लावलेली बोली मागे घेऊ नये आणि मुदतीत पैसे भरावेत. शंका आधी विचाराव्यात. खरेदीनंतर किरकोळ दोष काढून भाव पाडून मागणे हीन समजले जाते. लिलाव चालू असताना विक्रेत्याला गाठून ‘बाहेरच व्यवहार करू’ म्हणणे हा लिलावस्थळाच्या नियमांचा भंग आहेच, शिवाय आधी बोली लावलेल्यांवर तो अन्याय आहे. जिंकणाऱ्याला अनाहूतपणे ‘तुम्हाला नकली माल मिळाला’ असे कळवण्याचीही प्रथा नाही. त्याने अभिनंदनाऐवजी मत मागितले तरच ते द्यावे. वस्तू मिळाल्यावर तिची छायाचित्रे आणि मोजमापे अभ्यासकांना उपलब्ध करून देणे हा अलीकडे रुजलेला चांगला पायंडा आहे. गंज घासून पाते चकचकीत करणारा खरेदीदार, त्याने कितीही पैसे मोजले असले तरी, जाणकारांच्या नजरेतून उतरतो.

कायद्याने निषिद्ध प्रकार

भारतात लिलावाचे मूलभूत नियम १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ६४ मध्ये आहेत. हातोडा पडून किंवा अन्य रूढ रीतीने विक्री जाहीर होईपर्यंत कोणीही आपली बोली मागे घेऊ शकतो. म्हणजे बोली मागे न घेण्याचा वरील संकेत कायद्याहून कडक आहे, आणि बहुतेक लिलावस्थळांचे स्वतःचे नियमही तसेच कडक असतात. विक्रेत्याला स्वतः बोली लावायची असेल तर तो हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवावा लागतो. तसे न करता त्याने स्वतः किंवा हस्तकामार्फत बोली लावली, तर खरेदीदार ती विक्री कपटाची मानू शकतो. भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावली गेल्यास विक्री रद्द करण्याचा पर्याय खरेदीदाराला असतो. ऑनलाइन लिलावात बोली लावणाऱ्यांची नावे झाकलेली असल्याने हे सिद्ध करणे कठीण जाते. एकाच विक्रेत्याच्या वस्तूंवर पुन्हा पुन्हा दिसणारे आणि कधीच न जिंकणारे खाते ही तेवढी संशयाची खूण मानतात.

व्यापाऱ्यांच्या संगनमताला ब्रिटनमध्ये १९२७ च्या कायद्याने गुन्हा ठरवले. भारतात २००२ च्या स्पर्धा कायद्याचे कलम ३ संगनमताच्या बोलींना लागू होते.

वस्तू म्हणून शस्त्रालाही कायदे लागू आहेत. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू ‘पुरावशेष’ ठरते. तिचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून भारतातील लिलावगृहे अशा वस्तूंपुढे ‘निर्यात करता येणार नाही’ अशी टीप छापतात आणि तीच तलवार भारतात व लंडनमध्ये वेगवेगळ्या भावाने जाते. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ४५ जुन्या घडणीच्या, पुरातन मूल्य असलेल्या किंवा मोडक्या आणि बंदूक म्हणून वापरताच न येणाऱ्या शस्त्रांना सवलत देते. ही सवलत आपल्या वस्तूला लागू आहे हे दाखवण्याची तयारी मात्र बाळगणाऱ्यानेच ठेवावी लागते.

रघुजी भोसले यांची तलवार

सार्वजनिक वारशाची वस्तू लिलावात येते, तेव्हा डावपेच आणि शिष्टाचार या दोहोंची कसोटी लागते. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सोदबीजच्या लिलावात निघाली. मराठा धाटणीची ही फिरंग असून तिचे एकधारी पाते युरोपीय आहे आणि मुठीवर सोन्याचे काम आहे. पात्यावर रघुजींचे नाव व त्यांचा ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब देवनागरीत आहे. १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर ती इंग्रजांकडे गेली असावी, असे मानले जाते.

लिलावाची बातमी महाराष्ट्र शासनाला आदल्या दिवशी, २८ एप्रिलला, समजली. शासनाला थेट बोली लावणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नसल्याने मध्यस्थामार्फत बोली लावण्यात आली आणि तलवार मिळाली. हाताळणी, वाहतूक व विमा धरून ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला. ऑगस्टमध्ये सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार यांनी लंडनमध्ये तिचा ताबा घेतला आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत पोहोचली.

डावपेचांच्या दृष्टीने यात मध्यस्थाचे महत्त्व ध्यानात येते. शासन किंवा प्रसिद्ध धनिक बोली लावतो आहे हे आधी कळले, तर विक्रेत्याच्या अपेक्षा वाढतात. विजय मल्ल्या यांनी २००३ मध्ये लंडनच्या लिलावात टिपूची तलवार घेतली, ती बातमी भारतात फुटली पुढच्या वर्षी. दुसरीकडे, संग्रहालय बोली लावणार असल्याचे समजले तर खासगी संग्राहकाने बाजूला व्हावे की नाही, यावर मतभेद आहेत. वस्तू सर्वांसाठी खुली होणार असेल तर माघार घेणे सुसंस्कृतपणाचे, असे एक मत आहे. मागे हटल्याने विक्रेत्याला तोटा होतो आणि संग्रहालयाच्या कोठारात पडून राहण्यापेक्षा अभ्यासू संग्राहकाकडे वस्तूची निगा अधिक चांगली राखली जाते, असे दुसरे. आपल्याकडील काही कोठारांची अवस्था पाहता हा दुसरा युक्तिवाद अगदीच पोकळ म्हणता येत नाही.

लुटून नेलेली वस्तू आपण विकत का घ्यावी, हा आक्षेप त्याहून मूलगामी आहे. मे २०२५ मध्ये पिप्रहवा येथील रत्नांचा हाँगकाँगमधील लिलाव भारत सरकारच्या हरकतीनंतर थांबवण्यात आला. पुढे एका भारतीय उद्योगसमूहाने ती रत्ने घेतली आणि जुलैअखेर ती भारतात परतली. जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आणलेली वाघनखे तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तीन वर्षांसाठी दिलेली आहेत. वस्तू परत येण्याचे खरेदी, हरकत आणि उसनवारी असे तीन मार्ग सव्वा वर्षाच्या आत महाराष्ट्राला व देशाला पाहायला मिळाले.

वाहतूक : चऱ्होली–दिघी परिसराचे उदाहरण

लिलाव जिंकल्यावर शस्त्र घरी आणणे हा व्यवहाराचा शेवटचा आणि बरेचदा दुर्लक्षिला जाणारा टप्पा आहे. पुण्याच्या उत्तरेस इंद्रायणीकाठी, आळंदीला लागून असलेले चऱ्होली १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. शेती आणि जुने वाडे असलेल्या या गावाभोवती आता गृहसंकुले आणि मालाची गोदामे उभी आहेत. चाकण, भोसरी व आळंदी रस्त्याच्या पट्ट्यात कुरिअरचा माल सतत ये-जा करत असतो. एप्रिल २०२२ च्या सुरुवातीस चऱ्होलीशेजारच्या दिघी येथे एका कुरिअर गोदामात क्ष-किरण तपासणीत लाकडी खोके संशयास्पद वाटले. पोलिसांनी ती उघडली तेव्हा नव्वदहून अधिक तलवारी सापडल्या. पंजाबातून मराठवाडा व नगरकडे निघालेला तो माल होता.

त्या तलवारी नव्या होत्या आणि पुरातन वस्तूंशी त्यांचा संबंध नव्हता. पण क्ष-किरणाच्या पडद्यावर नवी तलवार आणि अठराव्या शतकातील फिरंग सारखीच दिसते. नऊ इंचांहून लांब पात्याची हत्यारे शस्त्र नियमांच्या सूचीत येतात. पिंपरी-चिंचवड परिसरात विनापरवाना तलवार बाळगल्याबद्दल शस्त्र कायद्याच्या कलम ४ व २५ खाली गुन्हे नोंदवले जातात, आणि सणासुदीच्या काळात शस्त्रे घेऊन फिरण्यास मनाई करणारे आदेशही निघतात. त्यामुळे जाणते ग्राहक बोली लावण्याआधीच लिलावगृहाला लेखी विचारतात की वस्तू कोण, कशी आणि कोणत्या कागदांसह पोहोचवणार. लिलावाची पावती, वस्तूचे वय व वर्णन सांगणारे पत्र आणि परवानाधारक विक्रेत्याचा तपशील खोक्यात तसेच खोक्याबाहेरही ठेवला जातो. अनेकजण कुरिअरवर न विसंबता स्वतः जाऊन वस्तू घेतात आणि घरी आणल्यावर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी माहिती देऊन त्या पत्राची पोचघेतलेली प्रत तलवारीसोबत जपून ठेवतात.